काय-वर्ग कसोटी : एकाच तक्त्याची तीन उत्तरे कशी येतात? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

कोरीवही

व्यवसायांच्या एका सर्वेक्षणाचे विश्लेषण सध्या माझ्याकडे आहे आणि त्यातल्या एका तक्त्याने मला दोन दिवस अडवून ठेवले आहे. एकूण २४० व्यवसायांनी प्रश्नावली भरून दिली. त्यात एक प्रश्न व्यवसायाच्या आकाराचा होता (लहान, मध्यम, मोठा) आणि दुसरा, हिशेबासाठी संगणकीय प्रणाली वापरता का, असा होता (पूर्णपणे, अंशतः, नाही). या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, एवढेच मला काय-वर्ग कसोटीने पाहायचे आहे. आकडे असे आहेत :

लहान (१२०) : पूर्णपणे ३०, अंशतः ४२, नाही ४८
मध्यम (८०) : पूर्णपणे ३२, अंशतः ३०, नाही १८
मोठा (४०) : पूर्णपणे २२, अंशतः १२, नाही ६

अहवालात टक्केवारी द्यायची असल्यामुळे मी प्रत्येक ओळीची टक्केवारी काढली (लहान व्यवसायांत २५, ३५ आणि ४० टक्के, याप्रमाणे) आणि तोच तक्ता कसोटीला दिला, तेव्हा उत्तर २४.८५ आले. माझ्या सहकाऱ्याने एकूण २४० ला शंभर धरून टक्केवारी काढली होती. त्याचे उत्तर ७.२९ आले. शेवटी मूळ संख्या घालून पाहिल्या, तर १७.५० आले. तिन्ही तक्ते एकाच माहितीचे आहेत आणि तिन्हींत प्रमाणे तीच आहेत, मग उत्तरे इतकी वेगळी का? शिवाय ७.२९ घेतले तर संबंध सिद्ध होत नाही आणि बाकीची दोन घेतली तर होतो, त्यामुळे कोणते उत्तर अहवालात द्यावे हा प्रश्न केवळ दशांशांचा राहिलेला नाही.

आकडेमोड

१७.५० हे बरोबर आहे आणि बाकीची दोन उत्तरे या सर्वेक्षणाची नाहीतच. ती दोन काल्पनिक सर्वेक्षणांची आहेत. असे का म्हणतो, ते आधी गणित करून पाहू.

आकार आणि प्रणाली यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसता, तर प्रत्येक कप्प्यात किती व्यवसाय सापडले असते, ही झाली अपेक्षित वारंवारता. ती ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण, अशी काढतात. प्रणाली न वापरणारे एकूण ७२ आहेत, म्हणून ‘लहान–नाही’ या कप्प्यात १२० × ७२ ÷ २४०, म्हणजे ३६ अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४८ आहेत. फरक १२, त्याचा वर्ग १४४, त्याला ३६ ने भागले की ४. ‘मोठा–पूर्णपणे’ मध्ये १४ अपेक्षित असताना २२ आहेत, म्हणून ६४ ÷ १४, म्हणजे ४.५७. ‘लहान–अंशतः’ मध्ये ४२ अपेक्षित आणि ४२ च आहेत, त्यामुळे त्या कप्प्याची भर शून्य. नऊही कप्प्यांची बेरीज केली की नेमके १७.५० मिळते. तीन गुणिले तीनच्या तक्त्यासाठी स्वातंत्र्यमात्रा ४ धरतात आणि पाच टक्के पातळीवरचे सारणीमूल्य ९.४८८ आहे (संबंध नसताना आकडा याच्या वर जाण्याची शक्यता पाच टक्केच असते). आपला आकडा त्याच्या बराच वर आहे. पी-मूल्य, म्हणजे संबंध नसतानाही केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता, साधारण ०.००१५ येते.

आता टक्केवारीचे पाहा. ही कसोटी कप्प्यातल्या आकड्याकडे डोकी मोजल्यासारखी पाहते; तो आकडा टक्के आहे हे तिला कळण्याचा काही मार्ग नाही. तुम्ही ओळींची टक्केवारी दिलीत, तेव्हा तिने ३०० व्यवसायांचे सर्वेक्षण झाले असे मानले आणि त्यात तुमचे ४० मोठे व्यवसाय फुगून १०० झाले, तर १२० लहान व्यवसाय आटून १०० झाले. सहकाऱ्याच्या तक्त्यात तिने केवळ १०० व्यवसाय आहेत असे धरले. प्रमाणे तीच ठेवून नमुना लहान केला की काय-वर्गाचे मूल्य त्याच पटीत घटते, म्हणून १७.५० × १०० ÷ २४० बरोबर ७.२९. तेवढ्यात ते ९.४८८ च्या खाली गेले आणि १४० व्यवसायांनी दिलेला पुरावा वाटेतच सांडला.

टक्केवारी वाचकासाठी जरूर द्या. कसोटीला मात्र मोजदादच द्यायची.

शंकेखोर

नऊ कप्पे असताना स्वातंत्र्यमात्रा ४ च का, हे मला पाठ आहे पण पटलेले नाही. आणि प्रत्येक कप्प्यात किमान पाच हवेत असा जो नियम सांगतात, त्यात पाच म्हणजे प्रत्यक्षातले की अपेक्षित? वरच्या तक्त्यात ६ चा एक कप्पा आहे, तो काठावर आहे असे समजायचे का?

जुनाकागद

पटले नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी ही कसोटी मांडली त्यांनाही ते पटलेले नव्हते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग कसोटी प्रसिद्ध केली आणि अशा तक्त्यांसाठी कप्प्यांच्या संख्येतून एक वजा करायचा, असे ते धरत होते. त्या हिशेबाने तुमच्या तक्त्याला ८ मिळाले असते. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की, अपेक्षित वारंवारता आपण त्याच तक्त्याच्या बेरजांवरून काढतो, त्यामुळे ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा आधीच बांधल्या गेलेल्या असतात. त्या बेरजा कायम ठेवून नऊ कप्प्यांचा रिकामा तक्ता कागदावर काढा आणि भरू लागा : डाव्या वरच्या कोपऱ्यातले चार कप्पे मनासारखे भरता येतील, उरलेले पाच वजाबाकीने आपोआप ठरतील. ते चार म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. पिअर्सन यांनी ही दुरुस्ती मनापासून मानली नाही आणि त्यावरून दोघांत जो वाद पेटला तो संख्याशास्त्रातल्या कडवट वादांपैकी एक आहे, पण तो विषय इथे नको.

पाचाच्या नियमात पाच म्हणजे अपेक्षित वारंवारता, प्रत्यक्षातली नव्हे. ‘मोठा–नाही’ मध्ये प्रत्यक्षात ६ आहेत पण अपेक्षित १२ आहेत, आणि या तक्त्यातला तोच सर्वांत लहान अपेक्षित आकडा आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही. विल्यम कोक्रन यांनी १९५४ मध्ये या नियमाला थोडी ढील दिली : अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी असलेले कप्पे एकूण कप्प्यांच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावेत आणि कुठलाही कप्पा १ च्या खाली नसावा. प्रत्यक्षातला कप्पा शून्य असला तरी चालते. नमुना फारच लहान असेल तेव्हा फिशर यांची अचूक कसोटी वापरावी.

घाईगर्दी

‘पूर्णपणे’ आणि ‘अंशतः’ एकत्र करून ‘वापरतात’ असा एकच गट का करत नाही? तक्ता सुटसुटीत होईल, वाचणाऱ्याला समजेल आणि माझ्या अनुभवाप्रमाणे असे केल्यावर निकाल अधिक ठळक येतो.

आकडेमोड

शेवटच्या वाक्यामुळेच मी याला विरोध करतो. गट एकत्र करायला हरकत नाही, पण ते माहिती पाहण्याआधी आणि अर्थावरून ठरवायला हवे. निकाल ठळक यावा म्हणून गट जुळवले, तर पी-मूल्याला काही अर्थ उरत नाही, कारण आपण अनेक तक्त्यांतून सोयीचा निवडलेला असतो आणि वाचकाला तो एकुलता एक म्हणून दाखवतो. दुसरे असे की, अर्धे हिशेब वहीत आणि अर्धे संगणकावर ठेवणारा व्यवसाय हा पूर्णपणे संगणकावर गेलेल्या व्यवसायासारखा नसतो. सर्वेक्षणात हे दोन पर्याय मुद्दाम वेगळे ठेवले असतील, तर तक्त्यात ते पुन्हा एकत्र करण्याआधी प्रश्नावली तयार करणाऱ्याला विचारावे.

संथपाणी

कसोटी लागू झाली आणि पी-मूल्य लहान आले, एवढ्यावर थांबू नये असे मला वाटते. काय-वर्गाचा १७.५० हा आकडा फक्त ‘संबंध नाही असे म्हणणे अवघड आहे’ इतकेच सांगतो. संबंध किती घट्ट आहे आणि तो कोणत्या कप्प्यांत आहे, हे वेगळे विचारावे लागते.

घट्टपणासाठी क्रामर यांचा व्ही काढा : १७.५० ला २४० च्या दुपटीने भागा (दुप्पट यासाठी की ओळी व स्तंभ यांतली लहान संख्या ३, वजा १) आणि वर्गमूळ घ्या. ते ०.१९ येते. हा गुणांक शून्य ते एक या पट्ट्यात असतो, म्हणजे संबंध आहे पण माफक आहे. आकारावरून एखादा व्यवसाय प्रणाली वापरतो की नाही हे खात्रीने ओळखता येईल, असे अहवालात लिहू नका.

कोणत्या कप्प्यात, यासाठी समायोजित अवशेष पाहावेत. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक त्या कप्प्याच्या प्रमाणित त्रुटीने (केवळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराच्या मापाने) भागला की तो मिळतो, आणि साधारणतः दोनच्या पलीकडे गेलेला अवशेष लक्ष देण्याजोगा मानतात. मी काढून पाहिले : ‘लहान–नाही’ ३.३८, ‘लहान–पूर्णपणे’ उणे ३.२५, ‘मोठा–पूर्णपणे’ २.९१, ‘मोठा–नाही’ उणे २.२७. मध्यम व्यवसायांची संपूर्ण ओळ दोनच्या आत आहे. म्हणजे तुमची गोष्ट दोन टोकांची आहे.

कोरीवही

मनापासून आभार. या अवशेषांवरून ‘मोठ्या व्यवसायांनी प्रणालीचा पूर्ण स्वीकार केला आहे’ हे शीर्षक मी प्रकरणाला द्यायचे ठरवत आहे.

याच सर्वेक्षणातला आणखी एक प्रश्न आहे : ‘प्रणाली वापरताना कोणत्या अडचणी येतात?’ त्याला पाच पर्याय होते आणि लागू असतील त्या सर्वांवर खूण करायची होती. २४० व्यवसायांनी मिळून ५११ खुणा केल्या आहेत. आकार गुणिले अडचण असा ३ × ५ चा तक्ता करून त्यावर हीच कसोटी लावू का? या वेळी आकडे मोजदादीचेच आहेत, टक्के नाहीत.

आकडेमोड

मोजदाद आहे, पण खुणांची. तुमच्या तक्त्यात आता २४० उत्तरदाते नसून ५११ खुणा आहेत आणि एकाच मालकाच्या चार खुणा चार वेगवेगळ्या लोकांच्या असल्यासारख्या मोजल्या जातील. एक उत्तरदाता एकाच कप्प्यात, ही या कसोटीची पहिली अट आहे आणि ती इथे मोडते.

त्याऐवजी प्रत्येक अडचणीचा स्वतंत्र तक्ता करा : आकार गुणिले ‘खूण केली / नाही केली’. प्रत्येक तक्त्यात बरोबर २४० व्यवसाय राहतील आणि स्वातंत्र्यमात्रा २ असेल. फक्त एकाच वेळी पाच कसोट्या होत असल्यामुळे पाच टक्क्यांची पातळी पाचांत वाटून प्रत्येकीला एक टक्का द्या, म्हणजे सारणीमूल्य ५.९९१ ऐवजी ९.२१० धरा. हा उपाय जरा कडक आहे, पण समजावून सांगायला सोपा आहे.

जुनाकागद

याच संदर्भात एक विचारतो, कारण तुमच्या शीर्षकाबद्दल मला थोडी धास्ती वाटते. उत्तरे देणारे २४० व्यवसाय खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? व्यवसायांच्या सर्वेक्षणांत एकाच मूळ संस्थेच्या अनेक शाखांनी प्रश्नावली भरलेली असते, आणि हिशेबाची प्रणाली शाखा ठरवत नाही, मुख्य कार्यालय ठरवते. अशा दहा शाखांची दहा उत्तरे म्हणजे एकच निर्णय दहा वेळा मोजणे होय. तक्त्याकडे पाहून हे कधीच कळत नाही, मूळ नोंदी चाळाव्या लागतात. मोठ्या व्यवसायांच्या ४० नोंदी हाताने वाचायला अर्धा तास पुरेल.

कोरीवही

अर्धा तास नव्हे, दहा मिनिटे पुरली. प्रश्नावलीच्या शेवटी ‘अन्य सूचना’ असा मोकळा चौकोन होता. ‘मोठा’ गटातल्या बारा नोंदींत त्या चौकोनात अक्षरशः एकच वाक्य आहे आणि ‘प्रशिक्षण’ हा शब्द बाराही ठिकाणी एकाच पद्धतीने चुकलेला आहे. कर्मचारीसंख्याही बाराही जणांनी एकच लिहिली आहे. ती संपूर्ण समूहाची असणार, म्हणूनच त्या सगळ्या ‘मोठा’ गटात गेल्या. आणि प्रणालीच्या प्रश्नाला बाराही उत्तरे ‘पूर्णपणे’ आहेत. २२ पैकी १२ उत्तरे एकाच कार्यालयातून निघालेली आहेत, हे पाहिल्यावर शीर्षक मी लगेच खोडले. आता पुढे काय करावे?

संथपाणी

सर्व बारा उत्तरे सारखीच असल्यामुळे तुमचे काम सोपे झाले आहे : त्यांतली एक ठेवा, अकरा काढा. कोणती ठेवायची हा वादच उद्भवत नाही. मोठ्यांची ओळ आता ११, १२, ६ अशी होईल आणि एकूण २२९. पुन्हा गणित केले तर काय-वर्ग ९.९५ येतो, पी-मूल्य ०.०४१ आणि व्ही ०.१५. सर्वांत लहान अपेक्षित वारंवारता ९.१२ आहे, त्यामुळे कसोटी लागू पडते. ९.४८८ च्या वर आहोत, पण जेमतेम.

अवशेष मात्र नीट पाहा. ‘मोठा–पूर्णपणे’ २.९१ वरून ०.७५ वर आला. त्या कप्प्यात आता सांगण्यासारखे काही उरले नाही. ‘लहान–नाही’ अजून २.९३ आहे, ‘लहान–पूर्णपणे’ उणे २.३४, आणि जी ओळ आधी गप्प होती तिच्यातला ‘मध्यम–नाही’ उणे २.१४ झाला.

शाखांची उत्तरे सारखी नसती, तर त्यांतली एक निवडणे योग्य झाले नसते. तेव्हा गटवार नमुन्यासाठीची दुरुस्त काय-वर्ग कसोटी वापरावी लागते. राव आणि स्कॉट यांनी १९८१ मध्ये मांडलेली दुरुस्ती संख्याशास्त्राच्या बहुतेक मोठ्या संगणकप्रणालींत मिळते. सर्वेक्षणात उत्तरदात्यांना भारांक (प्रत्येक उत्तर किती वजनाने मोजायचे ते सांगणारे आकडे) दिलेले असतील तरी तीच वापरावी. भारांकित संख्या साध्या कसोटीला घातल्या, तर या धाग्याच्या सुरुवातीची टक्केवारीची चूक वेगळ्या वेषात परत येते.

शंकेखोर

म्हणजे पिअर्सन यांचेच ८ धरले असते, तर सारणीमूल्य १५.५०७ असते आणि ९.९५ ला संबंध नाही असे म्हणावे लागले असते. आता ते चार कप्पे मला पटले.

पण ०.०४१ इतक्या काठावरच्या पी-मूल्यावर कितपत विसंबावे?

आकडेमोड

एकट्यावर नको. मात्र या तक्त्यात कसोटीने एक गोष्ट न वापरता सोडली आहे, ती म्हणजे क्रम. लहान, मध्यम, मोठा यांना क्रम आहे आणि नाही, अंशतः, पूर्णपणे यांनाही आहे. काय-वर्ग कसोटीला तो दिसत नाही. ओळींची अदलाबदल केली तरी तिचे उत्तर तेच राहते. दोन्हीकडे क्रमाने गुण देऊन सहसंबंध काढला आणि त्याच्या वर्गाला नमुन्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने, म्हणजे २२८ ने गुणले, की कलाची (एका दिशेने चढ किंवा उतार आहे का, हे पाहणारी) कसोटी मिळते. दुरुस्त तक्त्यासाठी ती ७.६३ येते, स्वातंत्र्यमात्रा १, सारणीमूल्य ३.८४१, पी-मूल्य ०.००६ च्या आसपास. ही कसोटी प्रश्नावली तयार करतानाच ठरवायला हवी होती, हे मान्य. पण दोन्ही प्रश्नांचे पर्याय मुळातच क्रमाने लिहिलेले असल्यामुळे ती मागाहून शोधलेली पळवाट म्हणता येणार नाही.

तरीही ‘जितका मोठा व्यवसाय तितका वापर अधिक’ असे लिहिण्याआधी सरासरी गुण पाहा. ‘नाही’ ला ०, ‘अंशतः’ ला १ आणि ‘पूर्णपणे’ ला २ दिले, तर लहान व्यवसायांची सरासरी ०.८५, मध्यम व्यवसायांची १.१८ आणि मोठ्यांची १.१७ येते. चढ आहे तो लहान आणि मध्यम यांच्यामध्ये. त्यापुढे सपाट आहे. व्यवसायाचे वय, मालकाचे शिक्षण, व्यवहारांची संख्या यांपैकी कशामुळे हा चढ आला, हे या तक्त्याला विचारू नका.

कोरीवही

अहवालातले वाक्य आता असे लिहिले आहे : ‘लहान व्यवसायांत हिशेबासाठी संगणकीय प्रणाली मुळीच न वापरणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्के आहे आणि ते मध्यम व मोठ्या व्यवसायांपेक्षा लक्षणीय अधिक आहे, मध्यम व मोठे यांच्यात सरासरी वापरात ठळक फरक दिसला नाही.’ त्याखाली २२९ ची मोजदाद, काय-वर्गाचे मूल्य, स्वातंत्र्यमात्रा, पी-मूल्य आणि व्ही दिले आहेत. अकरा नोंदी का वगळल्या आणि वगळल्या नसत्या तर १७.५० आले असते, हेही लिहिले आहे.

जुनाकागद

तोच मोकळा चौकोन लहान आणि मध्यम गटांतही वाचून काढलात का? तिथल्या शाखांनी कर्मचारीसंख्या फक्त स्वतःची लिहिली असेल, तर त्या ‘लहान’ मध्ये बसलेल्या असतील.

कोरीवही

आज सकाळी दोनशेही नोंदी वाचल्या. जवळपास निम्म्यांनी चौकोन रिकामा सोडला आहे, त्यामुळे कर्मचारीसंख्या आणि भरल्याची वेळ हेही ताडून पाहिले. जुळणारी जोडी सापडली नाही.